काकांना सगळं आठवत होतं

"जागा मी दिली, बाय. ती काय चोरून बसली नाय," काशिनाथकाका म्हणाले.

"काका, हे वाक्य इथे बोललात तेवढं पुरे. या खोलीबाहेर बोलू नका," मी म्हणाले.

त्यांचा मुलगा दिनेश शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. सांगत होतो ना तुम्हाला, असा त्याचा चेहरा.

मी रोह्यात वकिली करते. अठ्ठावीस वर्षं झाली. जमिनी, बांध, वाटा, वाटण्या हीच माझी कामं. वकिलांच्या बार रूममध्ये मला 'नाकबूल बाई' म्हणतात. समोरचा काहीही म्हणो, माझ्या उत्तरात 'सदर मजकूर खोटा, खोडसाळ व नाकबूल आहे' हे वाक्य ठरलेलं. या नावाचा मला कधी राग आला नाही, उलट थोडी ऐटच होती. या प्रकरणातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. स्वतःबद्दलचं काही बदललेलं नाही.

प्रकरण साधं होतं. काकांचं गाव पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. तिकडे चार घरं ओलांडली की एक गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे धुराडंबिराडं नाही. सिमेंटचे खांब, वर पत्रे आणि आत मूर्तींच्या रांगा. काकांच्या घराला लागून त्यांची मोकळी जागा होती, रस्त्याकडेची. शेजारचा रमण घराच्या ओटीवर मूर्ती करायचा. पावसाळ्यात त्या वाळायच्या नाहीत. एकदा काकाच त्याला म्हणाले, "माझ्या जागंत बांध कारखाना. जवर तुमच्या घरात गणपती बनतोय, तवर बस." रमणने जोतं घातलं, खांब उभे केले, पत्रे टाकले. कागद कुणी केला नाही. शेजाऱ्याकडे कागद मागायचा म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं त्याच्या तोंडावर सांगायचं, असं तिकडे मानतात.

पुढे रमण आजारपणात गेला. कारखाना त्याची बायको सुमन चालवू लागली. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ती स्वतः करते. तिच्या हातचे डोळे हवेत म्हणून लोक मुंबईहून येतात. तिचं घर, दोन मुलींची शिक्षणं, कामावरच्या सहा बायका, सगळं त्या पत्र्यांखाली चालतं.

दिनेश धाटावला एका केमिकल कंपनीत आहे, राहायला वरसे गावात. तो काही वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "मॅडम, उद्या पप्पा गेले की ही म्हणेल जागा आमचीच. तेव्हा मी काय दाखवू?"

भीती खरी होती. या भीतीवर आमच्या धंद्यात सोपा उपाय आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि स्टॅम्प पेपरवर लिहायचं, की जागा काशिनाथची, वापर सुमनचा, मालकी सांगायची नाही. अर्ध्या तासाचं टायपिंग. मी ते सुचवलं नाही. दावा लावून जागा अख्खी मोकळी करून देते, असं मी दिनेशला सांगितलं. मला जिंकायची सवय लागली होती आणि हा दावा जिंकण्यासारखा दिसत होता.

"पण बाय, मी शब्द दिलेला हाय," काका म्हणाले.

"तोंडीच ना?"

"तोंडीच. मंग शब्द आनखी कशानं देतात?"

"मग झालं तर! कागद कुठे आहे?"

आता इथे थांबून एक सांगायला हवं. 'तोंडी व्यवहाराला कोर्टात किंमत नाही' असं लोक छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने काही ठरवलं, त्यात दोन्हीकडून काही देणं-घेणं असलं आणि ते बेकायदा नसलं, तर तो करार तोंडीही चालतो. तुम्ही दूधवाल्याला उद्यापासून एक लिटर जास्त टाक म्हणता, तो करारच असतो. काही गोष्टींना मात्र कागद लागतोच. जमीन विकायची तर खरेदीखत आणि रजिस्ट्रेशन हवं, तिथे तोंडी चालत नाही. पण काकांनी जागा विकली नव्हती, वापरायला दिली होती. याला आम्ही लायसन्स म्हणतो. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, आणि ती तोंडी देता येते. एरवी ती मालकाला वाटेल तेव्हा काढून घेता येते. पण त्या परवानगीवर विसंबून कुणी स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं असेल, तर मालकाला मनात आलं म्हणून त्याला उठवता येत नाही. अडचण एकच असते, ती शाबीत करण्याची. तोंडी शब्दाला पुरावा लागतो, आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे शब्द देणारा माणूस.

हे सगळं मला पाठ आहे. तरी 'कागद कुठे आहे' हे मी अशा सुरात विचारलं, की काकांना वाटलं आपल्या शब्दाला कायदा ओळखतच नाही. मी त्यांना तसं वाटू दिलं.

दाव्यात मी लिहिलं, 'वादीने प्रतिवादीस केव्हाही परवानगी दिलेली नाही. प्रतिवादीने बळजबरीने अतिक्रमण केले आहे.' वादी म्हणजे दावा लावणारा, आपले काका. प्रतिवादी सुमन. काका चौथी शिकलेले. बोट ठेवून वाचायला लागले.

"काय लिवलंय ह्यात?"

"नेहमीचंच, काका. कोर्टाची भाषा असते ती. इथे सही."

त्यांनी सही केली. पुढे साक्षीचं प्रतिज्ञापत्र आलं, म्हणजे शपथेवर लिहून दिलेली साक्ष. त्यातही मी तेच लिहिलं आणि त्यांनी तशीच सही केली. सुमनच्या बाजूने पेणचा एक तरुण वकील होता. त्याने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर दिलं, की परवानगी तोंडी होती आणि बांधकाम तिच्यावर विसंबून केलं. मी बार रूममध्ये म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण शाबीत कशावर करणार?"

उलटतपासाच्या दिवशी आम्ही दिनेशच्या गाडीतून पेणला निघालो. उलटतपास म्हणजे समोरच्या वकिलाने साक्षीदाराला प्रश्न विचारायचे. नागोठणं मागे पडलं तसं मी काकांना पढवायला घेतलं.

"परवानगी दिली होती का असं विचारलं, तर म्हणायचं, आठवत नाही."

"पण मला आठवतंय."

"आठवत असलं तरी."

"बाय, पत्रे चढवले तवा मी सोता शिडी धरलीय."

"काका, 'नाही' म्हटलं तर खोटं पडू शकतं. 'आठवत नाही' म्हटलं तर कुणी काही करू शकत नाही. एवढंच म्हणा आणि गप्प राहा."

ते वडखळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, समजलं त्यांना.

कोर्टात त्या तरुण वकिलाने परवानगीचा प्रश्न विचारलाच नाही. त्याने फार अदबीने सुरुवात केली.

"काका, घरी गणपती येतो?"

"येतो की. पाच दिवसांचा."

"यंदा पाट कुठे दिलाय?"

आमच्याकडे सणाआधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. पाट दिला म्हणजे मूर्ती ठरली. पाटामागे ऑइल पेंटने घरमालकाचं नाव असतं.

"सुमनकडं," काका म्हणाले.

मागे बसलेल्या दिनेशने कपाळाला हात लावला. जिच्यावर अतिक्रमणाचा दावा लावलाय, जिला उठवायला आपण या पिंजऱ्यात उभे आहोत, तिच्याकडेच हा माणूस गणपतीचा पाट देऊन आला होता. त्याला त्यात काही विपरीत वाटलंच नव्हतं. दावा कोर्टात होता, गणपती घरचा होता.

"तिच्याचकडे का?"

"दर सालाला तिच्याकडंच अस्तो. जागेचा गणपती हाय तो."

मी उठून हरकत घेतली, की प्रश्न दाव्याशी संबंधित नाही. न्यायाधीश साहेबांनी हातानेच मला खाली बसवलं आणि स्वतः विचारलं, "जागेचा गणपती म्हणजे?"

"सायेब, आमच्यात रीत हाय. कारखान्याला जागा दिली का पयली मूर्ती जागावाल्याची. तिचं पैसं नाय घ्यायचं, आन् जागंचं भाडं नाय मागायचं."

"म्हणजे तुम्ही जागा दिली होती?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी फायलीत बघितलं.

"दिली व्हती. ह्या तोंडानं दिली. रमण व्हता, सुमन व्हती, माझी बायको व्हती."

"पण इथे शपथेवर लिहिलंय, की परवानगी दिली नाही."

"ते बायनी लिवलंय, सायेब. मला वाटलं कोर्टात आसंच लिवतात."

कोर्टात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी मान खाली घालून ते शब्द स्टेनोला जसेच्या तसे सांगितले. मग मला विचारलं, "फेरतपास?" बिघडलेलं सावरायला आपल्या वकिलाला मिळणारी ती शेवटची संधी. मी "नाही" म्हणाले.

इथवरची लाज ही धंद्यातली लाज. सगळ्याच वकिलांचे साक्षीदार कधी ना कधी फुटतात. तेव्हाच मी उठून, आम्ही तडजोड करतो, म्हणायला हवं होतं. सुमनही तयार झाली असती. पण मी अठ्ठावीस वर्षांची नाकबूल बाई. पंचविशीतल्या पोराने मला हरवलं हे मला गिळवेना.

शेवटच्या युक्तिवादाच्या तारखेला मी उभी राहिले आणि म्हणाले, "वादीचं वय बहात्तर आहे. वयोमानाने त्यांची स्मरणशक्ती क्षीण झालेली आहे. कोर्टात ते गोंधळून गेले. घडलेल्या आणि न घडलेल्या गोष्टींची त्यांच्या मनात सरमिसळ होते. त्यामुळे उलटतपासातली त्यांची कबुली विश्वासार्ह धरू नये."

काका माझ्या मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांना यायला नको सांगितलं होतं, तरी ते आले होते. गावातले चार जणही होते. मी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल माझ्याकडे डॉक्टरचा कागद नव्हता, कुणाची साक्ष नव्हती. जो माणूस त्या अख्ख्या प्रकरणात एकटाच खरं बोलला, तो माझाच अशील होता, आणि मी त्याला भर कोर्टात भ्रमिष्ट ठरवत होते.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले होते.

"बाय, मी येडा हाय आसं तुमी सायबाला सांगितलंत?"

"तसं नाही, काका. ती एक कायद्याची..."

"हां. कोर्टाची भाषा," ते म्हणाले आणि दिनेशच्या गाडीत न बसता एसटी स्टँडकडे चालत गेले.

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, की वादीला जागा कोणत्या रीतीने दिली, बदल्यात काय ठरलं, त्या वेळी कोण हजर होतं हे सारं नेमकं आठवतं, तेव्हा त्याची स्मरणशक्ती क्षीण आहे हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. सुमनचा कारखाना राहिला. दिनेशने अपील नको म्हटलं. फाइल बांधून मी कपाटात टाकली. प्रकरण संपलं असं धरून चालले.

काही महिन्यांनी सुमन माझ्या ऑफिसात आली. तिला मी कोर्टातच पाहिलेली. हाताच्या नखांत रंग होता. बसली नाही.

"तुमी काकांचं काय करून ठेवलंत ते तुमाला ठावं हाय का?" तिने विचारलं.

तिने सांगितलं ते असं. त्यांच्या गावात कुणाचा वाद झाला की आधी गावकी बसते. गावकी म्हणजे घरटी एक माणूस जमून घेतलेली बैठक. बांध कुठून जातो, वाट कुणाची, कुणाच्या आज्याने काय कबूल केलं होतं, असा प्रश्न आला की इतकी वर्षं काकांना विचारायचे. ते सांगतील ती शीव. यंदा दोन भावांचा बांधावरून वाद आला. काका सवयीने बोलायला उठले. तेव्हा एक जण म्हणाला, "काका, तुमचं ऱ्हाऊ द्या. तुमच्याच वकिलानं सांगितलंय, तुमाला आठवत नाय." निकालाची नक्कल गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली होती. माझा युक्तिवाद मान्य झाला नाही, हे त्यात पुढच्याच ओळीत होतं. तिथवर कुणी वाचलं नव्हतं.

"ते खाली बसले," सुमन म्हणाली. "तवापासून गावकीला येत नाय. कुणाशी बोलत नाय. माझ्याकडं मूर्ती बगायला यायचे रोज, ते पण नाय. माझा कारखाना वाचवला त्यांनी, आन् त्यांचं हे झालं."

माझ्याविरुद्ध दावा जिंकलेली बाई माझ्याच अशिलासाठी पेणहून रोह्याला आली होती. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. सुचलंच नाही.

रविवारी मी त्यांच्या गावी गेले. काका ओटीवर होते. "या" म्हणाले, खुर्ची दिली. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि माझ्याकडे न बघता ठेवला. मी म्हणाले, "काका, माझं चुकलं. तुमच्या स्मरणशक्तीत काही दोष नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गावकीत येऊन सगळ्यांसमोर हे सांगते."

"तोंडी?"

"हो. सगळ्यांसमोर."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नको. तुमचं तोंडी नको. लिवून द्या."

आयुष्यभर ज्याने कुणाकडे कागद मागितला नाही, त्या माणसाने तो माझ्याकडे मागितला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पर्समध्ये लेटरहेड होतं. ओटीवर बसूनच लिहिलं, 'श्री. काशिनाथ यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. न्यायालयात त्यांच्या स्मरणशक्तीविषयी मी केलेले विधान निराधार होते, हे मला ते करताना माहीत होते. परवानगी दिल्याचे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते.' असा कागद वकिलाने स्वतःच्या सहीने देणं म्हणजे कुणी तक्रार केली तर वकिलीच्या सनदेवर गदा. ते ठाऊक असूनच मी खाली सही केली. काकांनी बोट ठेवून प्रत्येक शब्द वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"तारीख घाला," ते म्हणाले.

मी घातली.

सुमनने तो कागद गावकीत वाचून दाखवला. काही जण गप्प बसले, काही म्हणाले, वकिलाच्या कागदाचं काय, आज असं लिहील, उद्या तसं. बांधाच्या त्या वादात अखेर काकांना कुणी विचारलं नाही. दोघा भावांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला. आता त्या गावात सगळे मोजणीच मागवतात. काका गावकीला जातात, पण बोलत नाहीत.

दिनेशने पुढे सुमनशी बसून परवानगीचा कागद केला. मसुदा त्या तरुण वकिलाने केला, दोघांचं समाधान झालं. अर्धा तास लागला असं कळलं.

माझ्याकडे अजून लोक येतात आणि विचारतात, "मॅडम, तोंडी व्यवहार कोर्टात टिकतो का?" टिकतो, मी सांगते. मग विचारते, शब्द कुणी दिला होता? तो माणूस हयात असेल तर त्याला घेऊन या. तो आला की मी पेन बाजूला ठेवते आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत एक अक्षर लिहीत नाही.